बोटीवरची बटणं कुणी बसवली?

परभणीत उभं राहून मोटरबोटीवर बोलायचं म्हटल्यावर काहींना हसू येईल. समुद्र इथून कितीतरी लांब. पण गोदावरी, जिला आपण गंगाच म्हणतो, ती पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा असे तालुके धरून वाहते. वरून जायकवाडीचं पाणी सुटलं, त्यात सिंदफणेचं मिळालं, की काठच्या गावांचा रस्ता तुटतो. मग वाट बघायची ती बोटीचीच.

आता या बोटीकडं नीट बघा. बॅटरी, ती तोडायचा मुख्य स्विच, तळातलं पाणी उपसायचा पंप, डावीकडं लाल, उजवीकडं हिरवा आणि मागं पांढरा दिवा, भोंगा, अग्निशामक, लाइफ जॅकेट. हे कुणा एकाला सुचलेलं नाही. यातल्या बऱ्याच वस्तूंमागं बुडालेली माणसं आहेत.

1888 सालची गोष्ट. 'वैतरणा' नावाची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते. त्या काळी अप्रूपच! म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणायचे. 8 नोव्हेंबरला सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात ती शेकडो माणसांसह नाहीशी झाली. पुढं चौकशी झाली, तेव्हा बोटीवर जीव वाचवण्याची साधनं अपुरी होती, असं निघालं. म्हणजे बघा, दिवे होते, पण जीव वाचवायची सोय नव्हती.

दुसरी आपल्या महाराष्ट्रातली. 17 जुलै 1947. 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. भर पावसाळा, खवळलेला समुद्र. बोट कलंडली आणि 600 हून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. मुंबई इतकी जवळ, पण शहराला पत्ता लागला तो जिवंत परतलेल्या माणसांकडून, तोवर कितीतरी तास उलटले होते.

आणि तिसरी तर कालपरवाची. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीकडं निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि ताबा सुटला. 15 जणांचा जीव गेला. अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यानंतर गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली.

या तीन घटनांत एक फरक आहे. 1888 मध्ये साधनं कमी होती, 1947 मध्ये यंत्रच नव्हतं. 2024 मध्ये साधनांची माहिती सगळ्यांना होती, सवय नव्हती. आपल्या जिल्ह्यालाही धोका आहे तो याच तिसऱ्या प्रकाराचा.

कारण पुराची बोट वर्षातले बरेच महिने शेडमध्ये असते. बॅटरी नुसती पडून राहिली तरी उतरते. टोकांवर पांढरी बुरशी धरते. रबरी बोटीच्या बऱ्याच इंजिनांना दोरी ओढून चालू करायची सोय असते, पण दिवे आणि पंप बॅटरीशिवाय चालत नाहीत. इंजिनाला एक लाल गुंडाळी-दोरी असते. ती चालवणाऱ्यानं मनगटाला अडकवायची. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं, पंख्याचं पातं त्याच्यावर येत नाही. ही दोरी 'अडचण होते' म्हणून काढून ठेवली, की तिचा उपयोग शून्य. पेट्रोलचा वास आला तर आधी हवा खेळू द्यायची, मगच स्विचला हात लावायचा. आणि पुराच्या पाण्यावर लोंबणाऱ्या तारा? त्यांचा वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत बोट तिकडं न्यायचीच नाही.

राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळून यायची, राज्याची धुळ्याहून किंवा नागपूरहून. ती पोचेपर्यंतचे तास आपलेच. म्हणून माझं सांगणं साधं आहे. मे महिन्यात, नदी शांत असताना, गावातल्या चार पोरांनी बोट पाण्यात घालावी. जॅकेट स्वतः बांधावं, पंप चालवून बघावा, रात्री दिवे लावावेत, दोरी ओढून इंजिन खरंच बंद पडतं का ते पाहावं. पुराच्या रात्री कुठलं बटण कशाचं, हे शोधायला वेळ नसतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.