क्षयोपचाराचे यश : अंश आणि छेद

क्षयनिवारणाच्या कार्याचे मूल्यमापन करताना उपचारसाफल्याचे शेकडा प्रमाण प्रथम पाहिले जाते. बरे झालेले व उपचार पूर्ण केलेले रुग्ण हा या प्रमाणाचा अंश. उपचारासाठी नोंदविलेले रुग्ण हा त्याचा छेद. अंशाची चिकित्सा पुष्कळ होते, छेदाची क्वचित. परंतु या प्रमाणाचा भारतातील इतिहास पाहता खरा प्रश्न छेदाचाच आहे, असे दिसून येते.

मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या प्रयोगात काही रुग्णांना घरी, तर काहींना आरोग्यधामात ठेवून तीच औषधे वर्षभर देण्यात आली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरच्या गटात शेकडा ८६ व आरोग्यधामातील गटात शेकडा ९२ रुग्णांचा रोग शमला होता. आहार व विश्रांती कमी लाभूनही घरच्या रुग्णांची पिछेहाट अल्प होती. १९६२ च्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने घरगुती उपचारांचा जो मार्ग स्वीकारला, त्याला येथे आधार मिळाला. मात्र मद्रासेत रुग्णाच्या घरी अकस्मात भेटी देऊन गोळ्या मोजल्या जात. ही दक्षता देशभर टिकली नाही. १९९२ च्या पाहणीत निम्म्याहून कमी रुग्ण उपचार पूर्ण करीत असल्याचे आढळले.

जागतिक आरोग्य परिषदेने १९९१ साली दोन लक्ष्ये एकत्र ठरविली : थुंकीत जंतू आढळणाऱ्या रुग्णांपैकी शेकडा ७० शोधावेत आणि उपचाराखालील अशा रुग्णांपैकी शेकडा ८५ बरे करावेत. ही जोडी अर्थपूर्ण होय. दोन्ही लक्ष्ये साधली, तरी शंभरांपैकी बरे होणारे साठांच्या आतच राहतात.

भारतात १९९७ पासून विस्तारलेला सुधारित कार्यक्रम २००६ साली देशव्यापी झाला. त्यात दर तिमाहीच्या रुग्णांचा एकत्र हिशेब होई. मृत व उपचार सोडलेले रुग्णही छेदातून वगळले जात नसत. नोंदवहीपुरता हा हिशेब चोख होता. नोंदवहीबाहेरची स्थिती मात्र निराळी होती. मुंबईतील धारावीत शंभर खाजगी डॉक्टरांनी क्षयावर ऐंशी निरनिराळ्या उपचारयोजना लिहून दिल्याचे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यांचे रुग्ण बरे झाले काय, हे सरकारी शेकडेवारीवरून कळण्याचा मार्ग नव्हता. खाजगी वैद्यकांनाही रुग्णाची नोंद कळविणे २०१२ साली बंधनकारक झाले.

तेव्हा साफल्याचे प्रमाण नोंदविलेल्यांच्या शुश्रूषेची कसोटी आहे, समाजातील क्षयाची नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाने दोन काळांची तुलना करताना प्रत्येक काळी छेदात कोण मोजले गेले, हे आधी पाहणे अगत्याचे आहे.