घटोत्कच लेणी: अजिंठ्याजवळचं शांत बौद्ध लेणं

नावावरून महाभारत आठवतं, पण ही लेणी बौद्ध आहेत. जालन्याहून भोकरदन, सिल्लोडमार्गे गेलं की जंजाळा गावाजवळच्या हिरव्या दरीत ती दिसतात. ५व्या शतकातल्या या विहारात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे. अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणंही त्याचंच दान!

वाटेतलं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या दात्यांची नावं थेट सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत.

पावसाळ्यात दरी सर्वांत सुंदर दिसते, पण वाट निसरडी होते. चांगले बूट घाला, पाणी सोबत ठेवा. भिंतींवर नावं मात्र कोरू नका. शिलालेखाची अक्षरं आधीच झिजली आहेत, गेली तर परत मिळणार नाहीत.