धूर नाही म्हणून विस्तव नाही?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने पाळीवर का बोलावं, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोच आहे. न्यायशास्त्राच्या पहिल्या धड्यात धूर आणि अग्नी येतात. धूर असेल तिथे अग्नी असतो. पण धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. नैयायिक तापलेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात: अग्नी आहे, धूर नाही. माझगाव गोदीत ज्यांच्या घरच्यांनी काम केलं, त्यांना हा गोळा समजावून सांगायला नको.

पाळी ही खूण, अंडाशयाचं काम ही मूळ गोष्ट. या दोहोंची गल्लत किती महागात पडते, एवढंच आम्हाला आज सांगायचं आहे.

आधी ती खूण कोणाला सांगायची, हाच प्रश्न होता. १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं आणि एडिथ पेची तिथे प्रमुख झाल्या. बाईचं दुखणं बाई-डॉक्टरपाशी बोलता येऊ लागलं. पण पाळी थांबली का, हे सांगणारी तपासणी तेव्हा जगात कुठेच नव्हती.

१९४२ साली अमेरिकेत फुलर ऑलब्राइट यांनी दोष मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा की अंडाशयाचा, हे वेगळं काढलं. पीयूषिका जोराने हाका मारते आहे आणि अंडाशय ओ देत नाही, म्हणजे उणीव अंडाशयात. त्यांचा शब्द 'कमतरता' असाच होता. पुढे मात्र 'प्रीमॅच्युअर ओव्हेरियन फेल्युअर' रूढ झालं. फेल्युअर म्हटलं की विषय संपला! प्रत्यक्षात अशा अनेक जणींचं अंडाशय मधूनमधून जागं होतं, आणि शंभरात पाच-दहा जणींना उपचाराविना दिवसही जातात. आता डॉक्टर पुन्हा 'इन्सफिशियन्सी'वर आले आहेत.

आपल्या परळचं नाव इथे घ्यायलाच हवं. ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, हे सर्वांना पाठ आहे. जानेवारी १९९१मध्ये त्यांच्याच प्रयत्नांतून दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून बाळ झालं, हे फारसं कोणी सांगत नाही. अंडाशय लवकर थकलेल्या स्त्रियांसाठी ती वाट होती. मोठंच काम. पण आमच्या मते समाजाने त्यातून सोयीचा अर्थ काढला: मूल झालं, प्रश्न मिटला. तिच्या हाडांचं काय, हृदयाचं काय? इस्ट्रोजेन अकाली आटलं की हाडं ठिसूळ होतात. म्हणून काही अडचण नसेल तर साधारण पन्नाशीपर्यंत हार्मोन देतात, मूल हवं असो वा नसो.

आणि निदान? चाळिशीच्या आत चार महिने पाळी नाही किंवा अनियमित, तर 'टेन्शन असेल' म्हणून सोडायचं नाही. पहिली तपासणी गरोदरपणाची (विधवा असो, कुमारी असो, संकोच न करता). मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच. एफएसएच २५च्या वर आलं आणि शंका उरली, तर चार आठवड्यांनी पुन्हा. वजन फार घटणं, पीसीओएस, ही कारणंही पाहावी लागतात. धुराला एकच कारण, धूर नसण्याला अनेक!

आता उलट बाजू. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांतल्या १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, कित्येकींची ऐन तरुणपणी. पाळी आली की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड. मग खूणच कापून टाकली. गर्भपिशवी गेली आणि अंडाशय राहिले, तर पाळी नाही पण इस्ट्रोजेन आहे. दोन्ही अंडाशय गेले, तर तिशीतच म्हातारपणाची हाडं. बाई एवढंच सांगते, 'पिशवी काढली.' अंडाशय ठेवले की काढले, हे तिच्या कागदावर लिहिलेलं असायला हवं, आणि तिला वाचून दाखवलेलं.