टार्गेट शूटिंगसाठी लांब नळीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कसं निवडावं?

एअर पिस्तुलावर दोन-तीन वर्षं हात बसला की पुढचा टप्पा असतो २५ मीटरचा. इथे छर्र्याऐवजी .२२ एलआर काडतूस येतं आणि हातात येतं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल. ‘लांब नळी म्हणजे अचूक नेम’ हे वाक्य तुम्ही रेंजवर नक्की ऐकलं असेल. ते अर्धंच खरं आहे. आणि पिस्तूल महाग, परवान्यावर चढलेलं आणि बदलायला किचकट असल्यामुळे ही निवड चुकली तर ती बराच काळ नडते. म्हणून खरेदीआधी काय बघायचं ते एकेक करून समजून घेऊ.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं काय?

ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. त्या गोळीच्या धक्क्याने बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आत ढकलतो. पुढच्या गोळीसाठी ट्रिगर सोडून पुन्हा दाबावा लागतो. २५ मीटर स्पर्धेच्या रॅपिड टप्प्यात दर गोळीला फक्त ३ सेकंद मिळतात. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात तर पाच टार्गेटवर पाच गोळ्या ८, ६ आणि शेवटी ४ सेकंदांत मारायच्या असतात. हाताने काडतूस भरत बसायला तिथे वेळच नाही.

लांब नळीचा फायदा कुठून येतो?

नळी लांब झाली की गोळीचा वेग थोडा वाढतो. पण कागदी टार्गेटवर २५ मीटरसाठी या वाढीला फारसं महत्त्व नाही. खरा फायदा आहे तो ‘साइट रेडियस’चा, म्हणजे मागच्या आणि पुढच्या साइटमधल्या अंतराचा.

एक साधं गणित बघा. पुढची साइट खाचेच्या मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकली, म्हणजे वहीच्या दोन पानांच्या जाडीएवढी. साइट रेडियस १५० मिमी असेल तर २५ मीटरवर गोळी सुमारे ३३ मिमी बाजूला जाते. तोच रेडियस २२० मिमी असेल तर सुमारे २३ मिमी. प्रिसिजन टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मिमी असतो, म्हणजे मध्यापासून २५ मिमी. हाताची चूक तेवढीच, पण एका पिस्तुलावर दहा आणि दुसऱ्यावर नऊ!

आता गंमत अशी की साइट रेडियस वाढवायला नळी लांबच हवी असं नाही. वॉल्थर जीएसपी किंवा पार्डिनी एसपी बघा. यांचं मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे असतं. त्यामुळे नळी जेमतेम ११-१२ सेंटीमीटरची असूनही साइट्स लांब अंतरावर बसवता येतात. शिवाय गोळी छोट्या नळीतून लवकर बाहेर पडते, त्यामुळे ट्रिगर दाबल्यानंतर हात हलला तरी त्याचा परिणाम कमी होतो. दुकानात नळी मोजण्याऐवजी दोन्ही साइटमधलं अंतर मोजा.

नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या म्हणजे आयएसएसएफच्या नियमांनुसार २५ मीटर .२२ पिस्तुलाला या मर्यादा आहेत:

- नळीची लांबी: जास्तीत जास्त १५३ मिमी
- साइट रेडियस: जास्तीत जास्त २२० मिमी
- वजन: जास्तीत जास्त १४०० ग्रॅम
- ट्रिगरचा दाब: किमान १००० ग्रॅम
- पूर्ण पिस्तूल ३०० × १५० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे
- साइट्स फक्त उघड्या. रेड डॉट, दुर्बीण चालत नाही
- मुठीने मनगटाला आधार देता कामा नये

स्पर्धेआधी उपकरण तपासणीत हे सगळं मोजलं जातं. अमेरिकेत लोकप्रिय असलेलं रुगर मार्क ४ कॉम्पिटिशन हे मॉडेल ६.८८ इंच, म्हणजे जवळपास १७५ मिमी नळीचं आहे. स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ सुद्धा ७ इंची नळीत मिळतं. दोन्ही चांगली पिस्तुलं, तिकडच्या क्लब स्पर्धांत सर्रास दिसतात. पण आयएसएसएफच्या तपासणीत या लांबीची नळी बाद. याच दोघांच्या साडेपाच इंची आवृत्तीत नळी १४० मिमीची असते, म्हणजे लांबीपुरती ती नियमात बसते. इंटरनेटवरचा अमेरिकन रिव्ह्यू वाचून मन बनवण्याआधी हा फरक लक्षात ठेवा.

निवडताना क्रम कसा लावायचा?

१. मूठ. सगळ्यात आधी हीच. डोळे मिटून पिस्तूल उचला, टार्गेटच्या दिशेने धरा आणि डोळे उघडा. पुढची साइट खाचेत आपोआप जवळपास मध्यभागी दिसली पाहिजे. दरवेळी मनगट वळवून ती जुळवावी लागत असेल तर ती मूठ तुमच्या हाताची नाही. चांगल्या टार्गेट पिस्तुलांच्या लाकडी मुठी लहान-मोठ्या मापांत मिळतात, घासून किंवा पुट्टी लावून हाताला बसवता येतात. डावखुऱ्यांनी डाव्या हाताची मूठ मिळते का हे आधीच विचारावं.

२. ट्रिगर. १००० ग्रॅम हा आकडा सगळ्यांना सारखाच, फरक असतो तो ‘कसा सुटतो’ यात. टू-स्टेज ट्रिगरमध्ये आधी थोडा दाब घेतला जातो, मग स्पष्ट थांबा लागतो आणि नंतर तो काचेसारखा तुटतो. हा थांबा दरवेळी त्याच जागी येतो का ते बघा. ट्रिगर पुढे-मागे सरकवता येणंही गरजेचं आहे, कारण प्रत्येकाच्या बोटाची लांबी वेगळी.

३. तोल आणि वजन. पुढे जड असलेलं पिस्तूल स्थिर राहतं, उडी कमी मारतं. पण ६० गोळ्यांच्या स्पर्धेत तेच खांद्यावर येतं. रॅपिड टप्प्यात हात ४५ अंशांवरून दरवेळी वर उचलायचा असतो, हे विसरू नका. सुरुवातीला हलक्या बाजूने राहा. वजनं नंतर जोडता येतात.

४. भरवसा. पिस्तूल कोणत्या काडतुसावर न अडकता चालतं हे विचारा. बहुतेक टार्गेट पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसासाठी बनलेली असतात. फार कमजोर काडतूस असेल तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही, आणि हाय व्हेलॉसिटीचं वापरलं तर भागांवर विनाकारण मार बसतो. दोन-तीन ब्रँडची काडतुसं टेकूवर ठेवून मारून बघा, ज्याचा ग्रुप लहान तेच घ्या.

५. सुटे भाग आणि दुरुस्ती. फायरिंग पिन, स्प्रिंग, जादा मॅगझिन भारतात कोण देतं? २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या १० मीटर एअर पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. ऑलिम्पिकमध्ये असं होऊ शकतं, तर जिल्हा स्पर्धेतही होऊ शकतं.

भारतात घ्यायचं तर?

४.५ मिमीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. .२२ पिस्तुलाला मात्र शस्त्र कायदा १९५९ नुसार परवाना लागतोच. सामान्य नागरिकाला परदेशातून पिस्तूल मागवता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत ठरलेला स्कोअर करून ‘रिनाउन्ड शॉट’चा दर्जा मिळवलेल्या खेळाडूंना क्रीडा कोट्यातून आयातीची सवलत आहे. म्हणून नवख्याने आधी क्लबच्या पिस्तुलावर सराव करणंच शहाणपणाचं. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, पुण्यात बालेवाडीची रेंज अशा ठिकाणी चौकशी करा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, त्यामुळे आपल्याकडे या खेळाची माहिती देणारी माणसं आता कमी नाहीत.

सुरक्षेचं थोडक्यात

पिस्तूल रिकामं आहे असं कोणी कितीही ठामपणे सांगितलं तरी मॅगझिन काढून, बोल्ट मागे ओढून स्वतः बघा. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक काडतूस राहू शकतं. सेमी-ऑटोमॅटिकमधला सगळ्यात धोकादायक गैरसमज हाच. नळी कायम टार्गेटकडे आणि बोट ट्रिगरबाहेर. घरी पिस्तूल आणि काडतुसं वेगवेगळ्या कुलपात ठेवा. घरी कोरडा सराव करायचा असेल तर काडतुसं त्या खोलीतही नकोत. .२२ पिस्तुलात फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटू शकते, त्यामुळे ड्राय फायरची सोय मॉडेलमध्ये आहे का ते बघा, नाहीतर डमी काडतूस वापरा.

थोडक्यात निर्णय

आयएसएसएफ स्पर्धा खेळायच्या असतील तर २२० मिमीच्या आसपास साइट रेडियस, हाताला बसणारी मूठ आणि स्वच्छ टू-स्टेज ट्रिगर एवढं आधी बघा. नळी १५३ मिमीच्या आत असली की पुरे. तुम्ही परदेशात राहत असाल आणि फक्त क्लबमध्ये हौसेने मारायचं असेल, तर साडेपाच इंची नळीचं साधं टार्गेट मॉडेल भरपूर आहे. दोन्ही बाबतीत एक गोष्ट नक्की करा: पैसे देण्याआधी त्याच मॉडेलने किमान १०० गोळ्या मारून बघा. शेवटच्या २० गोळ्यांत हात काय सांगतो, त्यावर विश्वास ठेवा.