सोमवारी गेर्निकाला जा

बिल्बाओला जाऊन आलेला माणूस आधी गुगेनहाइमचे फोटो दाखवतो. १९९७ साली उघडलेलं ते चकचकीत संग्रहालय बघावंच, त्याबद्दल वाद नाही. मग सान सेबास्तियनची चौपाटी, आणि पावाच्या तुकड्यावर काहीबाही रचून देतात ते पिंचो. तेही खावेतच. पण मला कुणी विचारलं तर मी सांगतो, एक सोमवार गेर्निकासाठी ठेवा. बिल्बाओहून लोकल गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं. तीच गाडी पुढे मुंदाका आणि बेर्मेओ या किनाऱ्यावरच्या गावांना जाते, म्हणजे समुद्रही चुकत नाही.

सोमवारच का? तो तिथला बाजाराचा दिवस. २६ एप्रिल १९३७ हाही सोमवारच होता. दुपारी साडेचारच्या सुमाराला फ्रँकोच्या मदतीला आलेली हिटलरची आणि मुसोलिनीची विमानं आली आणि तीनेक तास आलटून पालटून बॉम्ब टाकत राहिली. त्यात आग लावणारे बॉम्बही होते. गाव जळून गेलं. लक्ष्य नदीवरचा पूल होता असं नंतर सांगण्यात आलं. गंमत (गंमत कसली!) अशी, की पूल शाबूत राहिला. मृतांच्या आकड्यावर अजून एकमत नाही. बास्क सरकारने तेव्हा १६५४ सांगितला, अलीकडचे बरेच अभ्यासक काही शेवर येतात.

मला मात्र आकड्यापेक्षा पुढची गोष्ट जास्त छळते. फ्रँकोच्या बाजूने लगेच जाहीर केलं, की गाव बास्क लोकांनी स्वतःच पेटवलं. जॉर्ज स्टीअर हा वार्ताहर त्याच रात्री तिथे पोचला होता. त्याची बातमी २८ एप्रिलला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आली, जर्मन बॉम्बच्या उल्लेखासकट. जगाला कळलं. पण खुद्द गेर्निकात? ज्यांनी डोळ्यांनी विमानं पाहिली, त्यांना फ्रँको १९७५ साली मरेपर्यंत ते उघडपणे बोलायची सोय नव्हती. आपलं घर आपणच जाळलं, हे चाळीसेक वर्षं ऐकून घ्यायचं! जर्मनीने आपला हात स्पष्टपणे मान्य केला तो १९९७ साली, राष्ट्राध्यक्ष हर्झोग यांच्या संदेशातून. तोवर साठ वर्षं उलटली होती.

पिकासोचं चित्र तिथे मिळेल म्हणून जाऊ नका. ते माद्रिदला आहे. इथे भिंतीवर टाइल्समध्ये केलेली त्याची प्रतिकृती आहे. बघायचं ते सभागृहाच्या आवारातलं ओकचं झाड. या झाडाखाली बिस्कायाचे सत्ताधीश लोकांचे हक्क पाळायची शपथ घेत. १९३६ साली आगिर्रे यांनी बास्क सरकारच्या प्रमुखपदाची शपथही इथेच घेतली. बॉम्बहल्ल्यात झाड वाचलं, पण ते काही आजचं झाड नव्हे. एक वाळलं की त्याच वंशाचं दुसरं लावतात. सध्याचं २०१५ साली लावलेलं, तसं लहानच. शेजारी एका जुन्या झाडाचं खोड खांबांच्या छत्रीखाली जपून ठेवलंय, अगदी आपल्याकडच्या समाधीसारखं.

मी गेलो तो मंगळवार होता. बाजार आदल्या दिवशीच होऊन गेला होता.