जीप, जुनी : घरगुती दुरुस्ती व पुनर्बांधणी (जुन्नर–आंबेगाव)

वापरातून गेलेली जीप मालकाने अंगणात, गोठ्याच्या पडवीत किंवा रिकाम्या बराखीत सुटी करून पुन्हा चालती करणे. मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींत जुनी मोटार म्हटली की संस्थानिकांच्या ब्यूक, रोल्स रॉइस डोळ्यांपुढे येतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जुनी मोटार म्हणजे जीप. ती पाटबंधारे खात्याने वापरली, पंचायत समितीने वापरली, घाटाखालच्या बाजाराला जाणाऱ्यांनी वडाप म्हणून वापरली आणि शेवटी कोणाच्या तरी परसात चिंचेखाली उभी राहिली. प्रस्तुत नोंदीत यांत्रिक भाग आणि गंज यांना अधिक जागा दिली आहे. रंगकामाला दिलेली नाही.

पूर्वपीठिका : अमेरिकी लष्करासाठी 1940–41 मध्ये आकाराला आलेली ही गाडी. तिच्या घडणीचे श्रेय बँटम, विलीज आणि फोर्ड या तिन्ही कंपन्यांत वाटले जाते. ‘जीप’ हे नाव ‘जीपी’ या अक्षरांवरून आले असे सांगतात. ते सर्वमान्य नाही. 1945 साली स्थापन झालेली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी 1948 मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. भागीदार गुलाम मोहम्मद तोपर्यंत पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले होते. मुंबईत विलीज जीपची जोडणी कधी सुरू झाली याचे साल काही ठिकाणी 1947, काही ठिकाणी 1949 असे दिलेले आढळते. सुटे भाग आणून माझगावात गाड्या जोडल्या जात, एवढे नक्की.

या भागात पुनर्बांधणीला येणारी गाडी बहुधा सीजे 3 बी या उंच बॉनेटच्या प्रकारातली असते. बॉनेट उंच, कारण खाली ‘हरिकेन’ हे 134 घनइंची (सुमारे 2.2 लिटर) चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन बसवायचे होते. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे हेड उतरवून लेथवाल्याकडे पाठवले की काम संपले, असे समजणारा पुढे फसतो. निम्मे व्हॉल्व्ह घरीच ब्लॉकमध्ये राहिलेले असतात.

इंजिनांची अदलाबदल : या नोंदीतला सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत मनोरंजक भाग हाच. 1973 नंतर पेट्रोल महागले आणि पेट्रोल जीप शेतकऱ्याला परवडेनाशी झाली. त्याआधी, 1963 पासून, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने बी-275 ट्रॅक्टर भारतात बनू लागला होता. त्याच घराण्यातले सुमारे 2.3 लिटरचे डिझेल इंजिन पुढे कंपनीने जीपमध्येही दिले. कंपनीने दिले ते वेगळे आणि गावच्या फिटरने बसवले ते वेगळे. पण चाळीस वर्षांनी बॉनेट उघडून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. ट्रॅक्टरचा मिस्त्री तालुक्यात कुठेही मिळत असल्याने हे इंजिन टिकले. धडधड इतकी की आरसा पाहून उपयोग नसतो, पण चढाला हटत नाही. 1980 च्या दशकात प्यूजोचे एक्सडीपी 4.90 (2,112 घनसेंमी.) डिझेल इंजिन आले, त्यानंतर महिंद्रचे स्वतःचे एमडीआय.

घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने याचा परिणाम एकच, पण रोजचा : पाने दोन जातींचे लागतात. मूळ विलीज गाडीचे नटबोल्ट इंची. प्यूजो इंजिनाचे मिलिमीटरचे. एकाच गाडीत इंजिनाला 13 आणि चासीला अर्धा इंच. अर्ध्या इंचाच्या नटाला 13 चा पाना जवळजवळ बसतो, आणि या ‘जवळजवळ’नेच कडा गोल होतात. बोल्टची कड गेली की पुढे छिन्नी, मग गॅस कटर, मग नवा बोल्ट. जुन्या जीपवरचे अर्धे खराब बोल्ट गंजाने नव्हे, चुकीच्या पान्याने गेलेले असतात, हे संकलकाचे मत.

उलट्या आट्यांचाही इथेच उल्लेख करावा लागतो. जुन्या विलीज घराण्यातल्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, म्हणजे सुटायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचे. पाट्यांच्या काही शॅकल बुशांनाही उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस पान्याला नळी लावून जोर करतो आणि स्टड मोडतो.

जागा व हंगाम : मंचर, नारायणगाव, ओतूर या पट्ट्यात कांदा-बटाट्याच्या बराखी आहेत. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये आत येतो आणि पावसाळाभर राहतो. म्हणजे दिवाळीपासून गुढीपाडव्याच्या सुमारापर्यंत बराख मोकळी असते, आणि हवाही कोरडी. गाडी याच चार-पाच महिन्यांत सुटी होते आणि याच मुदतीत जोडून व्हावी लागते. पाडव्याला कांदा दारात आला की इंजिन एका कोपऱ्यात, गेअर बॉक्स पोत्याखाली, बॉडी उघड्यावर, आणि मग पुढची दिवाळी. अर्धवट राहिलेल्या बहुतेक गाड्यांचा इतिहास हाच आहे.

इंजिन उचलायला चेन पुली लागते. विहीर खोदणाऱ्याची यारी काही दिवस मिळाली तर त्याहून सोय नाही. गाडीखाली शिरण्यापूर्वी नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. खाली घोड्या किंवा सागाचे ठोकळे हवेत. विटा रचून वर चासी टेकवणे सर्रास दिसते. वीट भाराखाली फुटते.

गंज : तालुक्यांच्या पश्चिमेला नाणेघाट, माळशेज आणि घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणारा पट्टा सह्याद्रीच्या मुसळधार पावसाचा, पूर्वेला बेल्हे-पारगावकडे पाऊस झपाट्याने घटतो. घाटाकडे राबलेली गाडी खालून गेलेली असते आणि पूर्वेकडची वरून, उन्हाने रबर व हुड गेलेली. गाडी घेताना ती कोणत्या गावात उभी होती हे विचारणे किलोमीटर विचारण्यापेक्षा उपयोगाचे. तसेही जुन्या जीपचा किलोमीटरचा काटा बहुधा बंदच असतो.

जीपचा तळ हा सपाट पत्रा. त्याला बळकटी म्हणून खालून टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या जोडलेल्या. चिखल या पट्ट्यांत शिरतो, वाळतो, पुढच्या पावसात पुन्हा भिजतो. वरून पत्रा शाबूत दिसतो. पेचकसाने टोचला की आरपार जातो. चासीच्या बंद भागांतही तेच. चासी हातोडीने वाजवत जावे : चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत, कुजलेल्याचा बद्द. कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठिगळासारखा झाकून वेल्डिंग करणे ही या भागातली (आणि इतरही भागांतली) प्रचलित रीत. दोन पत्र्यांमध्ये पाणी राहते आणि नवा पत्रा जुन्याआधी जातो. खराब भाग कापून टाकून कडेला कड जोडली पाहिजे. त्याला वेळ दुप्पट लागतो.

गंज काढायच्या घरगुती पद्धतींत दोन इथल्या परिस्थितीला जुळणाऱ्या आहेत. पहिली मळीची. साखर कारखान्यातून निघणारी पातळ मळी (खत म्हणून शेतात पसरतात ती प्रेसमड नव्हे) एक भाग आणि पाणी नऊ-दहा भाग, यात सुटे भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवले की गंज सुटतो आणि शाबूत लोखंड फारसे खाल्ले जात नाही. वास असह्य येतो. मळीच्या साठ्यावर शासनाचे नियंत्रण असल्याने ती पशुखाद्याच्या दुकानातून थोडीथोडकी घेतात. कार्बोरेटर किंवा ॲल्युमिनियमचा कोणताही भाग यात घालू नये; तो खाल्ला जातो. दुसरी पद्धत धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर. गंजलेला भाग चार्जरच्या ऋण टोकाला, लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला. टाकाऊ तुकडा स्टेनलेस स्टीलचा नसावा, पाण्यात क्रोमियमचे विषारी क्षार उतरतात. काम उघड्या हवेत करावे, कारण हायड्रोजन निघतो.

चासी धुवायला फवारणीचा एचटीपी पंप उत्तम. द्राक्षबागेवर वापरलेला असेल तर आधी टाकी व नळ्या स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन काढाव्यात. बोर्डो मिश्रणातल्या मोरचुदाचा अंश राहिला तर उघड्या लोखंडावर तांबे बसते आणि तिथूनच गंज नव्याने धरतो.

ठिणगी व इंधन : पेट्रोल इंजिन टिकवून ठेवणाऱ्या थोड्या लोकांसाठी. ठिणगीचा क्रम 1-3-4-2. डिस्ट्रिब्यूटरला, तो कोणत्याही कंपनीचा असो, गॅरेजात ‘डेल्को’च म्हणतात. यातून घोटाळा होतो, कारण पॉइंटची फट कंपनीप्रमाणे बदलते : ऑटोलाइटला 0.020 इंच, लुकासला सुमारे 0.015. फट डोळ्यांनी जुळवणारे मिस्त्री आहेत. त्यांच्या गाड्या चालतात, पण गरम झाल्यावर सुरू होत नाहीत, असा अनुभव. कॉइल बदलण्यापूर्वी कंडेन्सर बदलून पाहावा, स्वस्त आहे.

पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊ लागल्यापासून जुन्या पंपाचा डायाफ्रॅम आणि रबरी नळ्या फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजते आणि तो गंज जेटमध्ये अडकतो. ज्या शेतकऱ्याचा ऊस कारखान्याला जातो, त्याच्याच परसातल्या जीपला उसाचे इंधन मानवत नाही. उपाय : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा डायाफ्रॅम, आणि गाडी उभी करण्यापूर्वी टाकी रिकामी करणे.

ब्रेक : मास्टर सिलिंडर व चारही व्हील सिलिंडरचे रबर एकदम बदलावे. त्यांना पेट्रोल-डिझेलने धुवू नये.

सुटे भाग : पुण्यात नाना पेठ, बुधवार-रविवारचा जुना बाजार नशिबावर. मुंबईत कुर्ला. महिंद्रने हाच साचा दीर्घकाळ चालू ठेवल्याने भाग मिळतात, आणि नेमके त्यामुळेच कोणता भाग कोणत्या सालचा हे ओळखणे अवघड जाते.

कायदा व ‘मूळ’पणाचा प्रश्न : दोन्ही तालुके पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाखाली (एमएच 14) येतात. खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 15 वर्षांवरील मोटारीसाठी त्याचे शुल्क एप्रिल 2022 पासून 5,000 रुपये झाले. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरील मोटारींसाठी ते 10,000 रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. चासीवर ठोकलेला क्रमांक गंजाने पुसला असेल तर पासिंगला गाडी अडते. म्हणून ग्राइंडर चालवण्यापूर्वी त्याचा फोटो आणि कागदावर पेन्सिलीचा ठसा घ्यावा.

जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनी 50 वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी आणली : क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, देखभाल व इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर. रोजच्या वापराला बंदी. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये, उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला बदल करता येणार नाही, असे म्हटले.

इथल्या जीपची अडचण अशी की फेरबदल हाच तिचा इतिहास. 1960 च्या सुमाराची गाडी, 1970 च्या दशकातले डिझेल, त्यानंतरचा चार गेअरचा बॉक्स, स्थानिक बॉडीवाल्याने मागे लांबवलेला सांगाडा. यातली कोणती अवस्था परत आणायची याबाबत जाणकारांत दोन तट आहेत. काहींच्या मते हरिकेन इंजिन शोधून परत बसवल्याशिवाय पुनर्बांधणी म्हणू नये. दुसरे म्हणतात, गाडीने पन्नासपैकी चाळीस वर्षे ज्या इंजिनावर काढली तेच तिचे. नियम पहिल्यांच्या बाजूने आहेत. संकलकाचा कल दुसऱ्यांकडे आहे. मात्र आरसी बुकात ते इंजिन चढवलेले असेल तरच.

रंग व हुड : रंग शेवटी, आणि कोणताही. रेडऑक्साइडचा हात मात्र पत्रा उघडा केला त्याच दिवशी द्यावा. हुडाला ताडपत्रीवाले माप घेऊन शिवून देतात.

इतर गाड्या : प्रीमियर पद्मिनी, अँबॅसडर, बजाज टेम्पोची मॅटाडोर या गाड्याही घरी दुरुस्त होतात, पद्मिनीचे 1,089 घनसेंमी. इंजिन कामाला सोपे, बॉडी मात्र चासीविना एकसंध असल्याने गंज भरून काढणे कठीण.

न जमलेल्या जीपगाड्या : सर्वच गाड्या उभ्या राहत नाहीत. आंबेगावच्या शेजारी, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात जुन्या जीपच्या भागांपासून ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर तयार करण्यात आला. गेअर बॉक्स आणि ॲक्सल चांगले, पण चासी गेलेली, अशा गाडीचे भाग परिसरात अजूनही ट्रॉली आणि लहान शेतयंत्रांत शिरतात.