ठरावापासून शिबिरापर्यंत

संततिनियमनाचा इतिहास आपल्याकडे सरकारी योजनेचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि त्याचा आरंभ १९५२ मध्ये धरला जातो. परंतु त्याआधी चौदा वर्षे, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत ठराव मांडला होता: सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याच्या पुरेशा सोयी उपलब्ध कराव्यात. त्यामागील भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. मूल हवे की नको, हे स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावे, ही त्यातील भूमिका होती. ठराव फेटाळला गेला. त्याआधी १९२८ मध्ये प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतिणीच्या विश्रांतीचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असे बाबासाहेबांनी म्हटले होते. स्त्रीचा निर्णय आणि सरकारची जबाबदारी त्यांच्या विचारात एकत्र होती.

स्वातंत्र्यानंतर या दोहोंची फारकत झाली. भोर समितीने १९४६ मध्ये ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र सुचवले होते. त्यात परिचारिका आणि सुइणीही होत्या. तसे पुरेसे दवाखाने उभे राहिले नाहीत, शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट मात्र खेड्यापर्यंत पोचले. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, बहुसंख्य पुरुषांच्या. सक्तीचा तडाखा गोरगरिबांना बसला आणि सरकार पडले. राज्यकर्त्यांनी त्यातून धडा घेतला तो एवढाच, की पुरुषाच्या वाटेला जाऊ नये. सुरी बाईकडे वळली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष-नसबंदीचे अवघे ०.३ टक्के आढळले.

१९९६ मध्ये उद्दिष्टे कागदावर रद्द झाली. तरीही ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या. त्या दिवसांतील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरे बंद करण्यास आणि त्याचबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे बळकट करण्यास सांगितले.

निकालाचा हा दुसरा भाग कार्यकर्त्यांनी विसरता कामा नये. शिबीर उठले आणि दवाखाना आलाच नाही, तर बाईच्या हाती काय उरते? बाळंतपण, गर्भपात, साधनांची निवड या साऱ्यांसाठी वस्तीजवळ बारमाही उघडा दवाखाना नसेल, तर तिची इच्छा हा केवळ शब्द राहतो. १९३८ च्या ठरावाने सोयी मागितल्या होत्या. व्यवस्थेने आकडे दिले. ती मागणी अजून बाकी आहे.